हा शोध कोणासाठी, आणि कोणाच्या वेळेतून?

नेट तुटलं की बहुतेकांचा पहिला राग सेवा देणाऱ्या कंपनीवर निघतो आणि दुसरा घरातल्या राउटरवर. दोन्ही राग पुष्कळदा रास्तही असतात. पण तुटण्याचा एक प्रकार असा आहे की त्याचा माग काढायला हातातलं घड्याळ पुरतं. व्हिडिओ कॉल सुरळीत चाललेला असतो. मध्येच समोरच्याचा चेहरा थिजतो, वाक्यातले दोन शब्द गळतात आणि क्षणात सगळं पूर्ववत होतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच घडतं, आणि तितक्याच अंतरानं आणखी एकदा. पाऊस, सैल केबल, जाड भिंत, शेजारचा मायक्रोवेव्ह यांपैकी कोणीच इतकं वक्तशीर नसतं. असं ठरावीक अंतरानं काही बिघडत असेल, तर ते कोणत्या तरी प्रोग्रॅमनं ठरवून चालवलेलं काम असण्याची शक्यता मोठी.

लिनक्स वापरणाऱ्यांनी हे दुखणं पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. नेटवर्कमॅनेजर हा तिथला जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम. लॅपटॉप वाय-फायला जोडला गेल्यानंतरही तो आसपास आणखी कोणती नेटवर्कं आहेत ते पाहत राहायचा. आधी थोड्याथोड्या वेळानं, मग दर खेपेला २० सेकंदांचं अंतर वाढवत, शेवटी दर १२० सेकंदांनी. ज्या वाय-फाय कार्डांच्या ड्रायव्हरला हे काम नीट पेलत नसे, त्यांची जोडणी दर दोन मिनिटांनी अडखळायची. उबुंटूच्या वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरली, की जोडलेलं असताना हा शोध बंद करण्याची सोय द्या. विंडोज एक्सपीवरही असंच चालायचं. वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन ही सेवा मिनिटाला एकदा आसपास नजर टाकायची, आणि ऑनलाइन गेम खेळणारी मुलं नेट जोडलं की आधी ती सेवाच बंद करून टाकायची.

यामागचं कारण समजायला अवघड नाही. साधारण फोनचा किंवा लॅपटॉपचा वाय-फाय रेडिओ एका वेळी एकाच चॅनेलवर असतो. जुन्या रेडिओवर मुंबई केंद्राच्या बातम्या चालू असताना पुण्याला काय लागलंय ते बघायला काटा फिरवला, तर तेवढ्या बातम्या हुकायच्या. इथेही तेच होतं. घरातला राउटर ६ नंबरच्या चॅनेलवर बोलतो आहे आणि फोन ११ नंबरवर कोण आहे ते ऐकायला गेला आहे, अशी ती स्थिती. जाण्यापूर्वी फोन राउटरला कळवतो की आपण झोपतो आहोत. वीज वाचवण्यासाठी वाय-फायच्या नियमांत ही सोय आहेच. शोधासाठी तिचा उपयोग करून घेतला जातो. राउटर मग त्या फोनसाठी आलेली पॅकेटं राखून ठेवतो आणि फोन परतला की त्याच्या हवाली करतो.

फाइल उतरवताना, ई-मेल घेताना किंवा यूट्यूब पाहताना याचा कोणाला पत्ताही लागत नाही, कारण पुढचा साठा आधीच भरून ठेवलेला असतो. बोलण्याला असा साठा करता येत नाही. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाजाचं एक पॅकेट साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. बोललेलं समोरच्यापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावं, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापुढे संभाषणाची लय बिघडायला लागते. आता शोधाला लागणारा वेळ पाहू. प्रत्येक राउटर आपल्या असण्याची सूचना एका ठरावीक अंतरानं हवेत सोडतो. त्या सूचनेला बीकन म्हणतात, आणि बहुतेक राउटरांत दोन बीकनांमधलं अंतर १०२.४ मिलिसेकंद ठेवलेलं असतं. नुसतं ऐकून शोध घ्यायचा, तर प्रत्येक चॅनेलवर तेवढा वेळ तरी थांबावं लागतं. लिनक्समध्ये हा मुक्काम सेकंदाच्या नवव्या भागाचा, म्हणजे सुमारे १११ मिलिसेकंदांचा आहे. दुसरी रीत म्हणजे गप्प न ऐकता हाक मारायची, ‘कोण आहे इथे?’, आणि उत्तराची वाट पाहायची. ती झटपट होते. लिनक्समध्ये त्यासाठी ३० मिलिसेकंद दिले आहेत.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १३ चॅनेल आहेत. त्यात ५ गिगाहर्ट्‌झमधले दोन डझन मिळवले तर नुसतं ऐकत केलेला पूर्ण फेरा चार सेकंदांच्या वर जातो. सगळीकडे हाक मारून सुटका करून घ्यावी, तर तेही चालत नाही. ५ गिगाहर्ट्‌झमधला बराच भाग रडारही वापरतात. तिथे आधी ऐकायचं आणि कोणी राउटर बोलताना ऐकू आला तरच तोंड उघडायचं, असा नियम आहे. म्हणजे जिथे सर्वांत जास्त वेळ जातो, तिथे घाई करण्याची मुभाच नाही. एका सपाट्यात हा फेरा पुरा करायचा म्हटलं, तर आवाजाची दोनशेवर पॅकेटं राउटरवर खोळंबून राहतील.

मग हा शोध बंदच का करू नये?

कारण माणसं एका जागी बसून राहत नाहीत. मोठ्या रुग्णालयात वाय-फायचा फोन खिशात घेऊन वॉर्डांतून फिरणाऱ्या परिचारिकेचा, गोदामात स्कॅनर घेऊन हिंडणाऱ्या कामगाराचा, दोन मजली घरात बोलत बोलत जिना चढणाऱ्या कोणाचाही फोन एका राउटरची हद्द सोडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरत असतो. पुढचा राउटर कोणता आणि कोणत्या चॅनेलवर, हे फोनला आधी ठाऊक नसेल तर जुना सिग्नल तुटेपर्यंत तो तसाच लोंबकळतो आणि मग घाईघाईनं सगळे चॅनेल धुंडाळतो. अरुणेश मिश्रा, मिन्हो शिन आणि विल्यम आर्बॉ या मेरिलँड विद्यापीठातल्या तिघांनी २००३ मध्ये ही अदलाबदल मोजून पाहिली. तिच्यात जाणाऱ्या वेळापैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ केवळ नवा राउटर हुडकण्यात जातो, असं त्यांना आढळलं. प्रत्यक्ष हात सोडून हात धरण्याला त्या मानानं काहीच वेळ लागत नाही. म्हणजे आधी थोडं थोडं पाहून ठेवण्याला खरोखरच किंमत आहे.

शोध बंद करून एकाच राउटरला चिकटून बसलेल्या फोनचा त्रास दुसऱ्यांनाही होतो. सिग्नल क्षीण झाला की फोन आणि राउटर दोघंही वेग उतरवत नेतात. वेग कमी म्हणजे तेवढीच माहिती पाठवायला हवेतली जागा जास्त वेळ अडते. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी, तेही २००३ मध्येच, दाखवून दिलं की एक यंत्र १ मेगाबिटवर रांगत असेल तर त्याच राउटरवरची ११ मेगाबिटची यंत्रंही जवळजवळ त्याच्या पातळीवर येतात. आजची यंत्रणा बरीच सुधारली आहे, तरी वेळ सगळ्यांत वाटून घ्यावा लागतो हे बदललेलं नाही. म्हणून ‘शोध बंद करा’ हा इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ज्याच्या घरी एकच राउटर आहे आणि संगणक टेबलावरून हलत नाही, त्याला तो लागू पडतो. इतरांनी तो आंधळेपणानं पाळला तर नुकसानच होईल.

मुद्दा शोध किती करायचा आणि नेमका कधी करायचा याचा आहे, आणि तो सोडवण्याच्या चांगल्या रीती कधीच्या तयार आहेत. हीच या सगळ्या प्रकरणातली चीड आणणारी गोष्ट. लिनक्सच्या गाभ्यात २००९ च्या सुमारास एक बदल झाला. आधी शोध सुरू झाला की रेडिओ सगळे चॅनेल पुरे करूनच घरी परतायचा. नव्या रीतीत तो एखाद-दोन चॅनेल पाहून आपल्या चॅनेलवर परत येतो, राखून ठेवलेली पॅकेटं घेतो, स्वतःची पाठवतो आणि मग पुढच्या चॅनेलकडे वळतो. पाठवायचं काही साचलं आहे का, हे दर वेळी तपासलं जातं. एका दमात किती वेळ बाहेर राहायचं यालाही मर्यादा घातली आहे. पुढचा चॅनेल धरून बाहेरचा वेळ सेकंदाच्या आठव्या भागाच्या वर जाणार असेल तर आधी घरी फिरायचं. सगळा फेरा पुरा व्हायला आता जास्त वेळ लागतो, पण त्याची झळ कमी बसते. जोडलेल्या माणसाच्या बाजूनं विचार केला की उत्तर कसं बदलतं, याचा हा फार चांगला नमुना आहे.

दुसरी रीत सिग्नलवर नजर ठेवण्याची. लिनक्सवर वाय-फायची जोडणी सांभाळणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रॅममध्ये पार्श्वभूमीतल्या शोधासाठी वेगळी सोय आहे आणि तिला तीन आकडे द्यावे लागतात: सिग्नल घसरला असताना किती सेकंदांनी पाहायचं, घसरला असं कधी म्हणायचं आणि सिग्नल चांगला असताना किती सेकंदांनी पाहायचं. नेटवर्कमॅनेजर या आकड्यांचा वापर विचारपूर्वक करतो. घरगुती पासवर्डच्या नेटवर्कवर सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (हे सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक) वर असेल, तर पुढच्या शोधाची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस. कार्यालयं आणि विद्यापीठं जशी नेटवर्कं वापरतात, तिथे राउटर अनेक असणार हे गृहीत धरून उंबरठा उणे ६५ वर आणि मुदत ३०० सेकंदांवर येते. सिग्नल उंबरठ्याखाली गेला की दोन्हीकडे दर ३० सेकंदांनी शोध. याच प्रोग्रॅममध्ये आणखी एक प्रकार आहे. आपलं नेटवर्क कोणकोणत्या चॅनेलवर दिसतं हे तो लक्षात ठेवतो आणि इतर चॅनेलांवरच्या चकरा टाळतो.

ॲपलनं कार्यालयांसाठी प्रसिद्ध केलेल्या माहितीतही हाच विचार दिसतो. आयफोन उणे ७० डीबीएमपर्यंत आहे त्या राउटरशी टिकून राहतो. त्याखाली गेल्यावर शोध घेतो, आणि डेटाची ये-जा चालू असेल तर नवा राउटर निदान ८ डेसिबलनं सरस असल्याशिवाय हलत नाही. फोन निवांत असेल तर ही अट १२ डेसिबलची होते. मॅक संगणक उणे ७५ पर्यंत कळ काढतो.

घरगुती यंत्रांच्या कारखानदारांनी सर्वांत जास्त शिकावं ते मात्र मोठ्या कार्यालयांच्या यंत्रणेकडून. तिथे छताला लावलेले राउटरसुद्धा आसपासच्या हवेचा अंदाज घ्यायला अधूनमधून चॅनेल सोडतात. सिस्कोच्या यंत्रणेत ही गैरहजेरी एका वेळी ५०-६० मिलिसेकंदांची असते आणि पूर्ण फेरा १८० सेकंदांवर पसरलेला असतो. ११ चॅनेल असतील तर साधारण १६ सेकंदांतून एकदा एकाच चॅनेलवर डोकावणं. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. गेल्या १०० मिलिसेकंदांत आवाजाच्या वर्गातलं पॅकेट गेलं असेल तर हा शोध पुढे ढकल, असं त्या राउटरला सांगून ठेवता येतं. कोणी बोलत असेल तर आता जाऊ नकोस, इतकी साधी ती सूचना. काही कंपन्या याही पुढे जाऊन राउटरमध्ये केवळ शोधासाठी एक वेगळा रेडिओ बसवतात, मग मुख्य रेडिओला जागचं हलायलाच नको.

तंत्रज्ञान अपुरं पडतं आहे, असं म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही. अडचण वेगळी आहे. शोध मागणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, अशी विभागणी होऊन बसली आहे.

फोनमध्ये शोध घेण्याची गरज केवळ जोडणीला असते असं नाही. आसपासच्या राउटरांच्या खुणांवरून फोन आपलं ठिकाण ओळखतो. जीपीएस इमारतीच्या आत पांगळं पडतं, तिथे ही रीत उपयोगी येते. पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतं. २००८ च्या जानेवारीत त्याला नकाशावर आपली जागा कळू लागली ती स्कायहूक या कंपनीनं गोळा केलेल्या वाय-फायच्या खुणांवरून आणि मोबाइलच्या टॉवरवरून. सोय खरी आहे, तिचा फायदाही सगळे घेतात. पण हवामानाचं, खरेदीचं, टॅक्सीचं, खेळाचं असं प्रत्येक ॲप आपापल्या सवडीनं शोधाची मागणी करू लागलं की ती प्रत्येक मागणी त्याच एका रेडिओच्या वेळेतून भागवावी लागते. शिवाय बॅटरीही खर्च होते.

गूगलला अखेर लगाम घालावा लागला, यावरून हा प्रकार कुठवर गेला होता त्याची कल्पना येते. अँड्रॉइड ८ मध्ये, २०१७ साली, पार्श्वभूमीतल्या ॲपला अर्ध्या तासात एकदाच शोध मागता येईल अशी मर्यादा आली. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ९ मध्ये ती आणखी आवळली: समोर उघडलेल्या ॲपला दोन मिनिटांत चार वेळा, आणि मागे चालणाऱ्या सगळ्या ॲपना मिळून अर्ध्या तासात एकदा. वाय-फायची नेटवर्कं दाखवणारी, मोजणारी ॲप बनवणाऱ्या प्रामाणिक लोकांनी यावर ओरड केली आणि तिच्यात तथ्य होतं. घरातला सिग्नल कुठे कमी पडतो हे तपासायचं ॲप दोन मिनिटांत चारच वेळा मोजू शकत असेल तर ते कामाचं राहत नाही. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपरसाठीच्या पर्यायांत ही मर्यादा उठवण्याचं बटण आलं. मार्ग योग्यच होता. सरसकट मर्यादा ठेवायची, आणि ज्याला गरज आहे त्याला जाणूनबुजून ती उठवू द्यायची.

याच अँड्रॉइड १० मध्ये आणखी एक चांगली सोय आली आणि तिची चर्चा फारशी झालीच नाही. कॉलच्या किंवा गेमच्या ॲपला फोनकडे ‘मला कमीत कमी विलंब हवा आहे’ अशी मागणी करता येते. ती मान्य झाली की बॅटरी जास्त खर्च होईल, शोध कमी होईल, फोन सर्वांत चांगल्या राउटरकडे वेळेवर वळणार नाही आणि ठिकाणाची अचूकता घटेल, हे सगळं गूगलनं डेव्हलपरना दिलेल्या माहितीत स्वच्छ लिहिलं आहे. काय मिळतं आणि काय सोडावं लागतं, याचा इतका सरळ हिशेब क्वचित वाचायला मिळतो. विंडोजमध्येही व्हिस्टापासून प्रोग्रॅमला पार्श्वभूमीतला शोध थांबवण्याची विनंती करता येते. दुखणं असं, की हा हिशेब डेव्हलपरला दिसतो आणि फोन विकत घेणाऱ्याला दिसत नाही. आपल्या फोननं काल किती शोध घेतले, कोणत्या ॲपसाठी घेतले, त्यातले किती कॉल चालू असताना घेतले, हे सांगणारं पान सर्वसाधारण फोनच्या सेटिंगमध्ये सापडत नाही. कोणत्या ॲपनं किती बॅटरी खाल्ली, किती डेटा वापरला, याची पानं वर्षानुवर्षं आहेत. लोक ती वाचतात आणि त्यावरून ॲप काढूनही टाकतात. वाय-फायच्या शोधाचा हिशेब तसाच मांडायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

शोधाची किंमत एका फोनपुरती राहत नाही, हे तर बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतं. फोन हाक मारतो तेव्हा त्या चॅनेलवरचा ऐकू येईल तो प्रत्येक राउटर त्याला वेगळं उत्तर देतो. दूरच्यालाही ऐकू जावं म्हणून या हाका आणि उत्तरं सर्वांत कमी वेगानं पाठवली जातात, २.४ गिगाहर्ट्‌झवर हा वेग पुष्कळदा १ मेगाबिट असतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दादर, ठाणे किंवा पिंपरीतल्या एखाद्या उंच इमारतीत एका घरातून वीस-पंचवीस नेटवर्कं दिसणं नेहमीचं आहे. ती सगळी या तीन चॅनेलांवर दाटीवाटीनं बसलेली असतात. अशा ठिकाणी एका हाकेला आठ-दहा उत्तरं येतात, आणि तेवढा वेळ त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना थांबावं लागतं. रेल्वे स्थानकावर तर विचारायलाच नको. मुंबई सेंट्रलवर २०१६ च्या जानेवारीत मोफत वाय-फाय सुरू झालं. फलाटावर उभ्या असलेल्या शेकडो फोनांपैकी त्या नेटवर्कला जोडलेले थोडेच असले, तरी वाय-फाय चालू ठेवलेला प्रत्येक फोन हाका मारत असतो.

या हाकांनी माणसांचा मागही निघतो. लंडनच्या वित्तीय भागात २०१३ मध्ये रिन्यू या कंपनीच्या कचरापेट्यांत बसवलेली यंत्रं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनची ओळख टिपून घेत होती. कोणता फोन कुठून गेला, पुन्हा कधी आला, हे फोन स्वतःच हाका मारून सांगत होता. बातमी फुटल्यावर सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशननं ते थांबवायला लावलं. पुढच्या वर्षी ॲपलनं आयओएस ८ मध्ये शोधाच्या वेळी खोटी, बदलती ओळख वापरायला सुरुवात केली, मग अँड्रॉइडनंही तसंच केलं. इथेही आधी वापरणाऱ्याला काही सांगितलेलं नव्हतं.

आपल्याकडे एक चुकीची समजूत खोल रुजली आहे, ती इथेच दुरुस्त करायला हवी. सुरक्षिततेसाठी म्हणून अनेक जण, कित्येकदा राउटर बसवायला आलेल्या तंत्रज्ञाच्या सांगण्यावरून, आपल्या नेटवर्कचं नाव लपवून ठेवतात. त्यानं सुरक्षितता वाढत नाही. जाणकाराला ते नाव काही वेळात कळतंच. नुकसान मात्र नक्की होतं. लपवलेलं नेटवर्क नुसतं ऐकून ओळखता येत नाही, म्हणून फोनला ते नाव घेऊन हाका माराव्या लागतात, आणि काही फोन घराबाहेरही त्या नावाचा पुकारा करत फिरतात. नाव उघडं ठेवून पासवर्ड मजबूत ठेवणं सर्व बाजूंनी चांगलं.

हे सगळं आत्ता मांडण्याला एक कारण आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्‌झचा ६०५ मेगाहर्ट्‌झ २०१८ मध्ये. त्यापुढचा ६ गिगाहर्ट्‌झचा खालचा भाग वाय-फायला मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागानं मे २०२५ मध्ये जाहीर केला. त्या ५०० मेगाहर्ट्‌झमध्ये २० मेगाहर्ट्‌झचे २४ चॅनेल बसतात. अमेरिकेत २०२० मध्ये पूर्ण १,२०० मेगाहर्ट्‌झ खुले झाले आणि तिथे ही संख्या ५९ आहे. जुन्या पद्धतीनं प्रत्येक चॅनेलवर थांबायचं ठरवलं, तर फक्त या पट्ट्यात सहा सेकंद जातील. पट्टा आखणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं. फोननं आपणहोऊन फक्त दर चौथ्या चॅनेलवर शोध घ्यायचा, म्हणजे ५९ पैकी १५. आणि राउटरनं आपल्या जुन्या पट्ट्यातल्या बीकनमध्येच लिहायचं, की माझा ६ गिगाहर्ट्‌झचा भाग अमुक चॅनेलवर आहे. एका जागी ऐकलं की दुसरीकडचा पत्ता मिळतो, चकरा वाचतात.

जुन्या पट्ट्यांतही असाच पत्ता देण्याची सोय आहे आणि ती १८ वर्षांची जुनी आहे. ८०२.११के हा २००८ मधला नियम. त्यानुसार फोन राउटरला विचारू शकतो, ‘तुझे शेजारी कोण, कोणत्या चॅनेलवर?’ उत्तरात यादी आली की फोन सदतीस चॅनेल धुंडाळण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी डोकावतो. त्याच्या जोडीचा ८०२.११व्ही हा नियम २०११ चा. त्यात राउटरच फोनला सुचवतो की तू आता पलीकडच्याकडे जा. कार्यालयांत हे रोज वापरलं जातं. घरी मात्र राउटर कोणता येणार हे बहुधा इंटरनेट कंपनी ठरवते, आणि तिच्या स्वस्त राउटरात ही सोय एक तर नसते किंवा असूनही बंद असते. दोन-तीन राउटर बसवून घेणाऱ्या कुटुंबांना या सोयीची सर्वांत जास्त गरज असते, आणि ती चालू करून द्यायला तिथे कोणी नसतं.

मागण्या यातूनच निघतात, आणि त्या अवाजवी नाहीत. कॉल चालू असताना ठिकाण ओळखण्यासाठीचा किंवा कोणत्याही ॲपनं मागितलेला शोध फोननं आपणहून पुढे ढकलावा. जोडणीसाठीचा शोधही सिग्नल घसरल्यावरच, आणि तुकड्या-तुकड्यांनी. शोधाचा हिशेब बॅटरीच्या हिशेबाशेजारी दिसावा. इंटरनेट कंपन्यांनी राउटर देताना शेजाऱ्यांची यादी देणारी सोय चालू करूनच द्यावी. शाळा, जिल्हा रुग्णालयं, ग्रामपंचायती यांच्यासाठी राज्य सरकार आणि महापालिका राउटरांच्या निविदा काढतात, तेव्हा वेग आणि किमतीच्या रकान्यांशेजारी ८०२.११के आणि ८०२.११व्ही हे दोन रकाने घालायला कायदा बदलावा लागत नाही. दूरवरच्या डॉक्टरकडून सल्ला घेणाऱ्या आरोग्य केंद्रात आणि ऑनलाइन मुलाखतीला बसलेल्या उमेदवारासमोर गळणारे दोन शब्द कधी नेमके महत्त्वाचे दोन असतात.

तोपर्यंत वापरणाऱ्याच्या हातात थोडं आहे. एकच राउटर असलेल्या घरात, लिनक्सच्या संगणकावर त्या राउटरचा पत्ता जोडणीत पक्का नोंदवला की राउटर बदलण्यासाठीचा पार्श्वभूमीतला शोध थांबतो. राउटर अनेक असतील तर हे करू नये. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंगखाली वाय-फाय स्कॅनिंग नावाचा पर्याय असतो. तो बंद केला की वाय-फाय बंद असतानाचा शोध थांबतो. वाय-फाय चालू असतानाचा, कॉलच्या मध्येच होणारा शोध त्यानं थांबत नाही. त्यासाठीचं बटण अजून फोन बनवणाऱ्यांनी द्यायचं आहे.